कोपनहेगनला गेलेली बरणी

मी एक जुनी बरणी आहे, काचेची, लिटरभर मापाची आणि सध्या रिकामी. पोलंडमधल्या रादोम शहराजवळच्या एका खेड्यात, बोगुमिलाबाईंच्या तळघरातल्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझ्या अंगावर ना नक्षी, ना रंग. तरीही मी समुद्र ओलांडून परदेशी जाऊन आले आहे. परतताना माझं मन इतकं जड झालं की ते अजून हलकं झालेलं नाही. कुणाला सांगावं म्हटलं तर बरणीचं ऐकतो कोण? म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. कारखान्यात माझ्यात पहिल्यांदा खारवलेल्या काकड्या भरल्या गेल्या आणि मी दुकानात आले. बोगुमिलाबाईंनी मला उचललं ते काकड्यांसाठी नव्हे. माझं रुंद तोंड त्यांना आवडलं होतं. काकड्या संपल्यावर त्यांनी मला कोमट पाण्यात बुडवून माझं लेबल काढलं, नखाने गोंद खरवडला आणि उजेडात धरून पाहिलं. "चांगली आहेस," असं त्या म्हणाल्या. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

मग मी काय काय पोटात घेतलं नाही! आलुबुखारांचा मुरंबा, रानातल्या आळंब्या, बीटाचं सार. हिवाळ्यात मात्र माझ्यात बिगोस असे. बिगोस म्हणजे आंबवलेला कोबी आणि मांस, मंद आचेवर दोन दिवस शिजवलेलं. बाईंचा बिगोस गावात नावाजलेला होता. आमच्या घरची एक रीत होती. भरलेली बरणी लेकीबरोबर जायची आणि धुतलेली बरणी लेकीबरोबर परत यायची. बरणी परत आली नाही तर बाई लेक कशी आहे हे विचारायच्या आधी बरणी कुठे आहे हे विचारत.

बाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. रोज दोन-तीनशे मुलांना वाढून झालं की मोरीपाशी उभ्या राहून त्या चार घास खात. त्यांची लेक मालविना त्याच शाळेत होती. एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मी मोठी झाले ना, की तुला खुर्चीवर बसवणार. आणि दुसरं कुणीतरी येऊन तुला वाढणार." स्वयंपाकघरातल्या बाया हसल्या. मालविना हसली नाही.

पुढे ती वॉर्सात शिकायला गेली आणि मीही तिच्याबरोबर जाऊ-येऊ लागले. तिथली मुलं गावाकडून आलेल्यांना 'बरणीवाले' म्हणून चिडवत. मालविना मला वसतिगृहाच्या फ्रिजमध्ये सगळ्यात मागे ठेवी आणि दार लावून एकटीच जेवी. मला वाईट वाटायचं, पण पोट मीच भरते आहे याचा तोराही होता. प्लास्टिकचे डबे आले आणि पिवळे पडून गेले. मी होते तशीच राहिले.

मग मालविनाला डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला, एका मोठ्या बेकरीत पाव खोक्यांत भरण्याचं काम मिळालं. ते शहर भलतंच महाग. दोन मैत्रिणींबरोबर एका लहानशा घरात राहून ती पैसे शिल्लक टाकत असे. सात वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या. तेव्हा तिने फोनवर सांगितलं, "आई, चार दिवस ये. एक दिवस तुला पाण्याकाठच्या हॉटेलात जेवायला नेणार आहे. खुर्चीवर बसायचं आणि उठायचं नाही."

"कशाला उगाच खर्च," बाई म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांनी लग्नसमारंभाचा निळा ब्लाऊज कपाटातून काढून वाऱ्यावर टांगला.

विमान स्वस्तात मिळत होतं, पण विमानात हातातल्या सामानात भरलेल्या बरण्या नेऊ देत नाहीत. म्हणून गुडघे सुजत असूनही बाई बसने निघाल्या. बस बोटीत चढली, बोट समुद्रात शिरली आणि आम्ही साऱ्या बरण्या टॉवेलांत गुंडाळलेल्या, एकमेकींना टेकून डुलत राहिलो. माझ्यात बिगोस होता. एवढ्या लांबचा प्रवास बाई आमच्यासाठी सोसताहेत याचा तेव्हा मला अभिमान वाटला. आता तो आठवला की शरम वाटते.

कोपनहेगनमध्ये त्या मायलेकींनी पैसा कसा वाचवला ते बघण्यासारखं होतं. बसचं तिकीट नको म्हणून त्या पायी फिरल्या. जिथे फुकट आत सोडत त्याच ठिकाणी गेल्या. चहा घरून थर्मासमध्ये, अंडी उकडून रुमालात. बाई प्रत्येक किंमत आधी आपल्या पोलंडच्या चलनात, झ्लॉटीत, करत आणि मग कोंबड्यांत.

"एका कॉफीला एवढे? या पैशात माझी एक कोंबडी येईल."

"आई, इथे कुणी कोंबड्यांत मोजत नाही."

"म्हणूनच त्यांना महाग वाटत नाही."

मालविना हसली. तिच्या मैत्रिणींनीही बाईंचा बिगोस खाल्ला, बोटं चाटली आणि त्यांचे हात हातात घेतले. पहिले दिवस असे छान गेले.

तिसऱ्या दिवशी मालविनाने रजा काढली होती. सकाळी ती म्हणाली, "आज बरणी घरीच राहू दे हं."

"राहू दे की," बाई म्हणाल्या. आणि लेक केस विंचरायला गेल्यावर त्यांनी मला गुपचूप पिशवीत ठेवलं. त्या निळा ब्लाऊज घालून तयार होत्या. सकाळी त्यांनी पावाचा अर्धाच तुकडा खाल्ला होता. बाहेर पडताना पिशवी चौकटीवर जोरात आपटली. मी फुटले नाही. जुनी काच आहे, अशी सहजी फुटत नाही, असं मीच मला म्हणून घेतलं.

ते हॉटेल पाण्याच्या कडेला होतं. पांढरे मेजपोस घातलेली टेबलं, त्यांच्यावर उंच पेले आणि बाहेर पाटीवर खडूने लिहिलेले पदार्थ आणि भाव. माझं झाकण पिशवीबाहेर डोकावत होतं, त्यामुळे मला सगळं दिसलं. बाई पाटीपुढे उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते, म्हणजे कोंबड्या मोजणं चाललं होतं.

"इथेच जेवायचं," मालविना म्हणाली. "मी ठरवलंय."

"नको गं. मला भूक नाही."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," मालविना म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मित्रांनो, आमच्याकडे पाहुण्याने पहिल्या बोलावण्याला हो म्हणायचं नसतं. त्या पहिल्या 'नको'ला कुणी धरून बसत नाही. यजमानाने पुन्हा म्हणायचं, पाहुण्याने पुन्हा आढेवेढे घ्यायचे आणि तिसऱ्यांदा "बरं बाई, तुझा एवढा आग्रहच आहे तर" म्हणत खुर्ची ओढायची. तुमच्याकडेही असंच असतं असं मी ऐकून आहे. बाईंनी आपला पहिला 'नको' म्हटला होता, आणि दुसऱ्या बोलावण्याची वाट बघत त्या तशाच उभ्या होत्या. एक हात ब्लाऊजची कॉलर नीट करत होता.

मालविनाला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. ती याच रीतीत वाढली होती. पण सात वर्षं ती अशा शहरात राहिली होती, जिथे नको म्हणजे नको. पुन्हा विचारलं तर तिथल्या लोकांना ती जबरदस्ती वाटते. पहिल्या वर्षी ती स्वतःच लोकांच्या घरी नको नको म्हणून उपाशी परतत असे. मग तिथली रीत तिच्या अंगवळणी पडली आणि नेमकी आईपुढे तीच उपयोगाला आली. आणि खोटं कशाला बोलू, पाटीवरचे भाव गेल्या वर्षीपेक्षा चढलेले होते. "बरं" म्हणताना तिचे खांदे जरा सैल पडलेले मी पाहिले. लगेच तिची मान खाली गेली, तेही पाहिलं.

बाईंनी एकदा मागे वळून टेबलांकडे बघितलं आणि लेकीच्या मागे चालू लागल्या.

थोड्या अंतरावर एक बाक होता. दोघी बसल्या. बाईंनी मला बाहेर काढलं आणि माझं झाकण उघडलं. बिगोसचा वास साऱ्या काठावर पसरला. जाणारी-येणारी दोन माणसं वळून बघू लागली.

"आई, ही कुठून आली?"

"असू दे म्हटलं. वाटेत लागली तर."

"झाकण लाव. लोक बघतायत."

"बघेनात का. दोन घास खाऊन घे, तुला भूक लागली असेल."

"मी तुला एवढ्या लांब बोलावलं ते बाकावर बसून कोबी खायला?" मालविनाचा आवाज चढला. "कुठेही न्या तुला, तू आपली बरणी घेऊन हजर. वॉर्सात तेच, इथेही तेच. तुला दुसरं काही नकोच असतं."

बाईंनी झाकण लावलं. नेहमीपेक्षा जास्त घट्ट लावलं. "तुझे पैसे तरी वाचले," त्या हळूच म्हणाल्या.

त्या वेळी मला माझीच चीड आली. मी पिशवीत नसते तर बाईंना खरंच जेवायला कुठेतरी बसावं लागलं असतं. चौकटीवर मी फुटले असते तर बिगोस जिन्यात सांडला असता, दोघी हसल्या असत्या, आणि पुढे भूक लागल्यावर त्याच टेबलाशी जाऊन बसल्या असत्या. मी फुटले नाही. आयुष्यभर मी कुणाचे ना कुणाचे पैसे वाचवत आले होते. त्या दिवशीही वाचवले, आणि एका बाईची जन्मातली एक खुर्ची माझ्यामुळे रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी बसच्या थांब्यावर मालविनाने मला आईच्या पिशवीत घातलं. माझ्यात अर्धा बिगोस शिल्लक होता. "वाटेत खा," ती म्हणाली. मग म्हणाली, "काल बोलले ते मनात ठेवू नकोस."

"कधी बोललीस?" बाई म्हणाल्या.

"पुढच्या वेळी नक्की जाऊ तिथे."

"हो, हो. जाऊ की." बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. बस सुटली तेव्हा मालविना तोंडावर रुमाल धरून उभी होती.

बाईंच्या शेजारी रेनाता नावाची एक बाई बसली होती. तीही पोलंडची, बहिणीकडे राहून परत निघालेली आणि बोलकी. बोट मागे पडेपर्यंत तिने आपली सगळी कहाणी सांगून टाकली आणि मग विचारलं, "लेकीने नेलं का कुठे चांगलं जेवायला? की आपले घरचेच डबे?"

मी बाईंच्या मांडीवर होते. त्यांचे दोन्ही हात माझ्यावर होते.

"नेलं ना," बाई म्हणाल्या. "पाण्याकाठी. पांढरे मेजपोस, उंच पेले. मासा होता, लोण्यात परतलेला. एक पोरगा वाढायला होता, मी उठायला लागले की म्हणायचा, बसा, बसा."

"नशीबवान आहात. माझी बहीण तर तोंडदेखलं एकदा विचारते आणि मोकळी होते."

"आमची तशी नाही," बाई म्हणाल्या. "मी नको नको म्हणत होते. तिने तीनदा म्हटलं. हात धरून बसवलं मला. ऐकेचना."

रेनाताने मान डोलावली. पुढे जेवायची वेळ झाली तेव्हा तिने आपला डबा उघडला आणि बाईंना म्हणाली, "घ्या थोडं."

"नको, कालचं जेवणच अजून जड आहे," बाई म्हणाल्या. हा 'नको' मात्र खरा करून दाखवावा लागला. पोटभर जेवून आलेल्या बाईने बरणी कशी उघडायची? रात्रभर त्यांच्या पोटातली गुरगुर मला काचेतून कळत होती. मी मांडीवर होते, अर्धी भरलेली, आणि त्यांच्या काही उपयोगाची नव्हते.

सकाळी घरी पोचल्यावर बाईंनी कोटही काढला नाही. मोरीपाशी उभ्या राहून माझं झाकण फिरवलं आणि गार बिगोस चमच्याने खाल्ला, तळ लागेपर्यंत. मग मला धुतलं, पुसलं आणि इथे आणून ठेवलं.

मालविना दर रविवारी फोन करते. आई काय म्हणाली, बसमध्ये कुणाला काय सांगितलं, यातलं तिला काही माहीत नाही. मला तोंड आहे पण वाचा नाही, म्हणून मी तुम्हाला सांगितलं. मित्रांनो, बरण्या जपा, फेकू नका, धुऊन परत न्या, आम्ही तुमचं पोट भरू. पण कधीतरी आईला बाहेर जेवायला न्याल, तेव्हा मला फळीवरच राहू द्या. आणि ती नको म्हणाली, की पुन्हा विचारा.