अनफिनचं नाव

नोव्हेंबरातल्या प्रार्थना-सप्ताहाचा शेवटचा रविवार होता. बाहेरगावाहून आलेल्या प्रवचनकाराचं बोलणं संपलं. ज्याच्या मनावर काही ओझं असेल त्याने ते इथेच उतरवावं, असं त्याने सांगितलं, तेव्हा पहिल्या बाकावरून ताराल उठला.

ताराल हा बेटावरच्या तीन मच्छीमार बोटींचा मालक आणि प्रार्थनाघराच्या पंचांमधला सर्वांत जुना. उन्हाळ्यात त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, तेव्हापासून तो काठी घेऊन चालायचा. काठीवर दोन्ही हात टेकून, सत्तरएक माणसांसमोर तो म्हणाला की अकरा वर्षांपूर्वी सागरी चौकशीत आपण खोटी शपथ घेतली. बुडालेल्या बोटीचा कप्तान अनफिन त्या सकाळी प्यायलेला नव्हता. बोटीच्या मागच्या फळ्या कुजल्यात, तिला किनाऱ्यावर ओढून घ्यायला हवं, असं त्याने आपल्याला दोनदा सांगितलं होतं. हेरिंग मासळीचा हंगाम सरू दे, मग बघू, असं आपणच त्याला म्हणालो होतो.

अनफिनची बायको गुडवेग खिडकीलगतच्या मागच्या बाकावर बसली होती. तिच्या ध्यानात आधी आलं ते एवढंच, की अकरा वर्षांत या खोलीत तिच्या नवऱ्याचं नाव कुणी पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. अर्थ मागाहून पोहोचला. तोवर लोक रडायला लागले होते. सेवेरिन, प्रार्थनाघराचा मुख्य, पुढे जाऊन तारालच्या गळ्यात पडला आणि येशूच्या नावाने तुला क्षमा झाली असं त्याने सांगितलं. मग सगळे उभे राहून गायले. गाणं झाल्यावर कॉफी आली, वाफल आणि जॅम आलं. बायका येऊन गुडवेगचे हात दाबत होत्या, किती आशीर्वादाचा दिवस म्हणत होत्या. तिने एक वाफल हातात घेतलं आणि घरी पोहोचेपर्यंत ते तसंच हातात राहिलं.

ती बोट फेब्रुवारीत बुडाली होती, वारा फारसा नसताना. अनफिन कप्तान होता. त्याच्याबरोबर तीन माणसं गेली. एकही प्रेत मिळालं नाही. चौकशीत तारालने सांगितलं की धक्क्यावर अनफिनच्या तोंडाला वास येत होता. अनफिन लग्नाआधी प्यायचा हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. चर्चच्या आवारात बुडालेल्यांचा दगड उभा राहिला तेव्हा त्यावर तीनच नावं होती. उरलेल्या तीन घरांना चौथं नाव नको होतं, आणि गुडवेगनेही ते मागितलं नाही.

कारण तिचाही विश्वास बसला होता. ती रात्रंदिवस जाळी विणून पोट भरत होती आणि मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या देत होती. त्या सकाळी त्याने निघताना तिच्या गालाला गाल लावला होता, त्या आठवणीत ती वास शोधायची, आणि शोधता शोधता तो तिला यायलाही लागला. पोरगी ओस्ने आठ वर्षांची होती. शाळेत तिला दारुड्याची म्हणायचे. एकदा ती रडत घरी आली तेव्हा गुडवेग म्हणाली होती, "खोटं थोडंच बोलतायत."

हीच ओस्ने सतरा वर्षांची झाल्यावर जूनमधल्या शेकोट्यांच्या सणाला धक्क्यावर अकॉर्डियनच्या तालावर नाचली. सेवेरिनने तिला प्रार्थनाघराच्या गायकमंडळातून काढलं आणि सर्वांसमोर उभं राहून माफी माग म्हणून सांगितलं. गुडवेग त्याच्याकडे रदबदली करायला गेली होती. एक नाच, तो एवढा मोठा गुन्हा आहे का, असं तिने विचारलं. लहान आणि मोठं ही माणसांची मापं, देवाकडे तराजू नाही, पाप ते पाप, असं सेवेरिन म्हणाला. तो रागावून बोलला नव्हता. त्याचा खरोखर तसा विश्वास होता. ओस्ने माफी मागायला उभी राहिली नाही. पुढच्याच आठवड्यात ती दूर बर्गन शहरात गेली आणि एका बेकरीत कामाला लागली. त्याला दोन वर्षं झाली होती. ती पत्रं लिहायची, पण बेटावर आली नव्हती.

प्रार्थना-सप्ताह संपल्यावर मंगळवारी गुडवेग तारालकडे गेली. तो स्वयंपाकघरात बसून उकडलेल्या मासळीचं जेवण जेवत होता आणि चेहऱ्याने दहा वर्षांनी लहान दिसत होता. त्याच्या बायकोने गुडवेगला कॉफी दिली आणि ती बाहेर निघून गेली. झटका आल्यापासून आपल्याला झोप नव्हती, रविवारपासून कशी लहान मुलासारखी झोप लागते, हे तो सांगत राहिला. गुडवेगने ते ऐकून घेतलं.

"आता हेच शहरात कोर्टात जाऊन सांगा," ती म्हणाली. "त्यांच्या कागदावर अजून तो दारुडाच आहे."

तारालने काटा खाली ठेवला. "जिथे सांगायचं तिथे मी सांगितलं. माझी पापं देवाने समुद्राच्या तळाशी टाकली, गुडवेग. तिथे आता कुणी गळ टाकायचा नाही."

"समुद्राच्या तळाशी माझा नवरा आहे."

तारालने ताट बाजूला सारलं. मग त्याने मुलांची गोष्ट काढली. बोटी आता पोरं चालवतात, त्यांचं नाव खराब होईल, त्यांनी काय केलंय? शेवटी तो जरा पुढे झुकून आपुलकीने म्हणाला, "आणि तुझं मन तरी स्वच्छ आहे का? बघ आत. माझा द्वेष केला असशील ना इतकी वर्षं?"

"नाही केला," गुडवेग म्हणाली. "करायला हवा होता हे मला ठाऊकच नव्हतं. दर नाताळला तुम्ही पाठवलेला मटणाचा तुकडा घेतला आणि तुमच्या बायकोचे आभार मानले. द्वेष मी त्याचा केला. तो तुम्ही माझ्याकडून करवून घेतलात. ते रविवारी सांगायचं राहिलं तुमचं."

कॉफी तशीच ठेवून ती उठली.

गुरुवारच्या फेरीबोटीने ती शहरात गेली. कोर्टातला कारकून सभ्य होता. त्याने जुनी फाइल काढून दाखवली, कप्तान नशेत असल्याचे दिसते हे वाक्यही दाखवलं. ते बदलता येईल, तो म्हणाला, पण त्यासाठी त्या गृहस्थांचं लेखी निवेदन हवं, नाहीतर त्यांनी कबूल केलं ते कानांनी ऐकलेल्या दोन माणसांच्या सह्या हव्यात. दोनच? गुडवेगने विचारलं. दोन पुरे, तो म्हणाला. ती परतीच्या बोटीत बसली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. सत्तर माणसांनी ऐकलं होतं.

नाताळपर्यंत ती दारोदार फिरली. सगळ्यांनी तिला घरात घेतलं, समोर खायला ठेवलं. सही मात्र कुणी केली नाही. देवाने क्षमा केलेलं पाप पुन्हा तोंडाने उच्चारणं हेच पाप, अशी प्रार्थनाघराची शिकवण होती. काहींनी तर आपल्याला नीट आठवत नाही असं सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचे डोळे निर्मळ होते. सर्वांत शेवटी ती नणंदेकडे गेली. योरुन ही अनफिनची सख्खी बहीण, भिंतीला भिंत लागून राहणारी. त्या रविवारी सगळ्यांपेक्षा जास्त तीच रडली होती.

"वहिनी, आपल्याला कळलं ना, तो निर्दोष होता," योरुन म्हणाली. "एवढं पुरे नाही का?"

"कुणाला पुरे?"

"माझा नवरा तारालच्या बोटीवर आहे."

"हे आधी म्हणाली असतीस तर मी बूट काढून आत आले नसते," गुडवेग म्हणाली.

जानेवारीत सेवेरिन तिच्या घरी आला. गुडवेगने तारालला अजून क्षमा केली नाही, घरोघर जाऊन त्याचं उकरून काढते, हे पंचांच्या कानावर गेलं होतं. मन मोकळं होईपर्यंत तिने प्रभुभोजनाच्या विधीला येऊ नये असं ठरलं होतं. हे सांगताना त्याला वाईट वाटत होतं. टोपी तो हातात फिरवत राहिला.

"चार माणसं गेली," गुडवेग म्हणाली. "पाचव्याने खोटं सांगितलं, आणि मेलेल्यावर ढकललं. त्याला क्षमा व्हायला एका गाण्यापुरता वेळ लागला. माझी पोर एक संध्याकाळ नाचली, ती आजतागायत बाहेर आहे. मी एक सही मागते तर मलाही बाहेर काढता. सगळं सारखं म्हणता ना तुम्ही? मग दिसू दे की सारखं."

"तुझी पोर माफी मागायला उभी राहिली असती तर तिलाही तेवढाच वेळ लागला असता," सेवेरिन म्हणाला. "ताराल उभा राहिला. फरक तेवढाच आहे."

 पुढे कित्येक दिवस ती जाळी विणताना उत्तरं रचत होती, पण त्या वेळी तिने फक्त दार उघडून धरलं.

वसंत लागला तेव्हा पंचांनी एक चांगलं काम करायचं ठरवलं. दगडावर चौथं नाव घालायचं. तिला विचारलं नाही. आनंदच होईल असं त्यांनी धरलं होतं. मे महिन्यातल्या रविवारी चर्चच्या आवारात सगळे जमले. उरलेल्या तीन घरांतली माणसंही आली. दगडावर पांढऱ्या अक्षरांत अनफिनचं नाव होतं, आणि ते इतकं बरोबर, इतकं त्याचंच होतं की गुडवेगने पुढे होऊन त्यावरून बोट फिरवलं. तिला वाटलं, चला, एवढं तरी. मग सेवेरिन बोलायला उभा राहिला. दगडावर नाव का नव्हतं आणि आता का आलं, याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. इथे वर्षानुवर्षं मनात कटुता होती, आज ती संपली, एवढंच तो म्हणाला. देवासमोर आपण सगळे सारखेच पापी. मंडळीने अनफिनलाही मनापासून क्षमा केली आहे.

खुर्चीत बसलेल्या तारालने मान हलवून संमती दिली.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला गुडवेगने अनफिनच्या हत्यारांच्या पेटीतून छिन्नी आणि हातोडा काढला. आवारात पोहोचेपर्यंत चौघांनी तिला पाहिलं. तिने लपवलं नाही. दगड कठीण होता. एकेका अक्षराला बराच वेळ लागला, बोटांतून रक्त आलं, पण जेवणवेळेपर्यंत चौथ्या नावाच्या जागी नुसता खडबडीत पट्टा उरला. मग ती आपणहून फौजदाराकडे गेली आणि हत्यारं त्याच्या टेबलावर ठेवली.

फौजदार बाहेरचा, पूर्वेकडचा माणूस होता. त्याला प्रार्थनाघराशी देणंघेणं नव्हतं. "बाई, स्वतःच्या नवऱ्याचं नाव?" त्याने विचारलं.

"हो. आता माझ्यावर खटला होईल ना?"

"तक्रार आली तर होईल."

"कोर्टात मला शपथेवर विचारतील, का केलंस म्हणून? आणि मी सांगेन ते लिहून घेतील?"

फौजदाराने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या ध्यानात आलं. "लिहून घ्यावंच लागतं," तो म्हणाला. त्याने तिच्या बोटांना पट्टी बांधून दिली.

तक्रार त्याच संध्याकाळी आली. उरलेल्या तीन घरांना राग आला होता. गुडवेगने ओस्नेला पत्र लिहिलं, सगळं, पहिल्यापासून. तुझा बाप प्यायला नव्हता. मी तुला म्हणाले होते ते खोटं होतं, आणि मला कुणी शपथ घालून बोलायला लावलं नव्हतं. ते माझं मी बोलले. सेवेरिनला विचारलंस तर तो म्हणेल तारालचं आणि माझं सारखंच. मला ते पटत नाही, पण माझ्याच्याने ते हलकंही होत नाही. जूनमध्ये कोर्टाची तारीख लागेल, तेव्हा ये. ओस्नेचं उत्तर पाचव्या दिवशी आलं. येते, एवढंच त्यात होतं. गुडवेगने काळा झगा उसवून नव्याने शिवून घेतला. काय सांगायचं ते ती जाळ्याच्या गाठीगाठीला पाठ करत होती.

तारखेच्या आठवडाभर आधी फौजदार सायकल हातात धरून तिच्या दाराशी आला. आत यायला तो तयार नव्हता.

"तक्रार मागे घेतली त्यांनी," तो म्हणाला.

"कुणी?"

"सगळ्यांनी. काल पंचांची सभा झाली. तिन्ही घरांच्या सह्या आहेत, तुमच्या नणंदेची आहे, पंचांची आहे. तारालचीही." त्याने कागद पुढे केला. वाचून दाखवायची त्याला लाज वाटत असावी. कागदावर तिच्या कृत्याबद्दल दुःख व्यक्त करून खाली लिहिलं होतं, की मंडळीने गुडवेगला पूर्ण क्षमा केली आहे आणि हा विषय पुन्हा काढला जाणार नाही.

गुडवेगने सह्या मोजल्या. बेचाळीस होत्या.

ओस्ने आली ती ठरल्या दिवशीच आली. खटला नाही हे कळूनही तिने तिकीट बदललं नव्हतं. ती तीन दिवस राहिली, आईला सामान बांधायला मदत केली, आणि ऑगस्टच्या आत गुडवेग बर्गनला राहायला गेली. ताराल पुढच्या हिवाळ्यात गेला, झोपेत, शांतपणे. त्याच्या प्रेतयात्रेला शेजारच्या बेटांवरूनही बोटी आल्या होत्या. दगडावरचा तो पट्टा सिमेंटने गुळगुळीत करून घेतला. गुडवेगचा विषय कुणी काढत नाही. कधी एखाद्या नव्या माणसाने विचारलंच, तर बेटावरच्या बायका हळहळून सांगतात, की बाई कष्टाळू होती हो, पण मनाने फार कठोर. क्षमा करणं तिला जमलंच नाही.