सर्जाचं आवतन

पोळा उद्यावर आला आणि पुंजाजींच्या सर्जाने वैरणीला तोंड लावणं सोडलं. जनावरांचे डॉक्टर पाहून गेले. ताप नाही, रवंथ चालू, बैल ठणठणीत, म्हणाले. पण गव्हाणीतला कडबा जसाच्या तसा. पुंजाजींनी सगळा दोष बीटी कपाशीवर टाकला.

"त्या बीटीच्या सरकीची ढेप खाऊनच त्याची भूक मेली. आज सांजेपर्यंत नाई खाल्लं, तं पोळा झाला का बाजार दाखवतो त्याले."

डोणगावात त्या साली बीटीवर काय काय ढकललं जाई! बोंडअळी, मोबाइलची गेलेली रेंज, जावयाचा तिरसटपणासुद्धा. पण 'बाजार' म्हणताना पुंजाजींचा आवाज चिरकला, ते शेजारच्या चारुलताच्या कानांतून सुटलं नाही. सर्जाला त्यांनी वासरापासून वाढवलेलं.

चारुलता खामगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पोळ्याला माहेरी आली होती. उंदरांना भूक का लागते, यावर तिने कितीक वर्षं घालवली होती. गावाला वाटे, हे उंदरालाच विचारलं असतं तर लवकर आटोपलं असतं.

"आबा, भूक नुसती पोटात नसते, मेंदूतही असते," ती म्हणाली. "पोट भरलं की आतड्यातून बारीक निरोपे सुटतात. पेप्टाइड म्हणतात त्यांना. मेंदूत त्यांच्यासाठी ठरलेल्या जागा असतात, कुलपासारख्या. निरोप्या किल्लीसारखा आत बसला की खाणं थांबतं. आम्ही उंदरांमधली काही कुलपं औषधाने बुजवली, तर ते खातच सुटले."

"आमच्या जावयावानी," पुंजाजी म्हणाले. "पन सर्जाची किल्ली कोनं फिरवली? पोटात काडी नाई त्याच्या. मीच तंबी देली घरात, कोनी काई चारू नका, भूक लागू द्या."

चारुलताने गव्हाणीतला कडबा हुंगून पाहिला. तेवढ्यात अंबूकाकींनी, पुंजाजींच्या कारभारणीने, तिला हाताला धरून आत जेवायला बसवलं. भाकर, भरली वांगी, पुन्हा भाकर. शेवटी तिने ताटावर हात आडवा धरला.

"पोट भरलं, काकी."

काकींनी हात बाजूला सारून भाकर वाढलीच. "भरलं म्हन्ते! पोटाले काय समजते?"

चारुलता हसली. हसता हसता थांबली.

"काकी, सर्जालाही असंच वाढता का?"

काकी चुलीकडे वळल्या. "मुकं जनावर. उपाशी पाहवते का? गूळ लावून भाकरी देते जराशा. यायले सांगू नको."

"म्हंजे तुमीबी, आत्याबाई?" दारातून सून मंजुळा म्हणाली. "मी तं मामंजी वावरात गेले का धुऱ्या-बांधावरचं हिरवं गवत टाकते. भाराभर."

आवाज ऐकून पुंजाजी आत आले. त्यांच्या बंडीच्या खिशातून ढेपेचा चुरा सांडत होता. तिघींनी आधी चुऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काऊन पाहून राह्यल्या? थोडीशी. चवीपुरती."

"बीटीची?" चारुलताने विचारलं.

पुंजाजींना एकाएकी खोकला आला.

चारुलता गोठ्याच्या दारात खाट टाकून पहाऱ्याला बसली. काकी पदराखाली काहीतरी घेऊन दोनदा आल्या आणि दोनदा परतल्या. ऊन कलल्यावर सर्जाने गव्हाणीत मुस्कट घातलं. कडबा कडकड वाजू लागला. पुंजाजींनी शेल्याने डोळे पुसले आणि कडब्यात धूळ फार आहे म्हणाले.

दिवेलागणीला त्यांनी सर्जाच्या खांद्याला तूप-हळद चोळली आणि रीतीप्रमाणे त्याच्या कानाशी वाकले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"पण वाढणारा एकच," चारुलता म्हणाली.

"हाव," तिघंही एकमेकांकडे न पाहता म्हणाली.

मग काकींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुही अर्धी भाकर राह्यली ना वं दुपारची. चाल."

चारुलताच्या मेंदूतल्या झाडून साऱ्या कुलपांत किल्ल्या अजून बसलेल्याच होत्या. तरी ती निमूट उठली आणि पाटावर जाऊन बसली.