सरकती भिंत

दुपारच्या सामसूम घरात कात्री कचकन वाजली, तशी इंदुताईने मान वर केली. सुटीवर आलेला नवरा, नानाजी, पुठ्ठ्याच्या चिमुकल्या खाटा कातरत बसला होता. तो कागद गिरणीत फिटर. यंत्र हलवायच्या आधी तिथे असेच पुठ्ठे नकाशावर सरकवून पाहत.

इंदुताई दवाखान्यात नर्स. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला लागल्या की हिवतापाची माणसं दाटत, बाळंतिणींची खोली त्यांना जाई आणि पोटुशा बाया परत फिरत. मागल्या साली भागीरथा अशीच परत गेली. बैलगाडीतच मूल झालं आणि तिथेच गेलं. आता ती पुन्हा दिवसांत होती.

"जागा कमी नाई," नानाजी दवाखान्याच्या नकाशावर खाटा सरकवत म्हणाला. "भिंत गाडून ठेवली, थेच चुकलं."

इंदुताईने पुठ्ठे डॉक्टरांसमोर मांडले. ते आधी हसले, मग खाटा स्वतःच सरकवू लागले. दोन खोल्यांमधली विटांची भिंत पाडली. तिच्या जागी लाकडी चौकटीतला बांबूचा तट्टा उभा राहिला. ताप वाढला की तो सरके. बाळंतिणींचा कोपरा आकसे, पण नाहीसा होत नसे. त्याच कोपऱ्यात भागीरथाला मुलगी झाली, आणि अशी रडली की तट्ट्यापलीकडचे तापकरीही उठून बसले.

भागीरथाची सासू रुखमाबाई मात्र अस्वस्थ. हलते ती भिंत कसली? पाचवीला सटवाई नशीब लिहायला येणार, तिला घर कसं वाटावं? पाचवीच्या सकाळी तिने अख्खा तट्टा शेणामातीने लिपून पार जमिनीशी चिकटवून टाकला. नेमकी त्याच वेळी दारात तापाच्या रोग्याला घेऊन बैलगाडी आली.

इंदुताई रागावली नाही. पाणी शिंपडून तिने खालची कड मोकळी केली.

"मावशी, लिपा खुशाल. फक्त खाली बोटभर सोडा. सटवाई जंगलातून वाट काढत येते, तिले एवढी भिंत दिसन ना?"

रुखमाबाई विचारात पडली. मग म्हणाली, "दिसन. माह्या घरची तं दरसाल उंदरं पोखरून सरकवतात."

इंदुताई, रुखमाबाई आणि दवाखान्यातल्या आणखी दोघी, अशा चौघींनी भिंत उचलली, ओल्या लिपणासकट, आणि दोन हात अलीकडे ठेवली. पलीकडे खाट पडली. अलीकडे भागीरथा बाळाला पाजत राहिली.

आईचा डबा घेऊन आलेली इंदुताईची लेक चंदा दारातून सगळं बघत होती. ती जवळ आली, इंदुताईचा पदर धरून हळूच म्हणाली,

"माय, भागीरथाबाईच्या पहिल्या बाळाच्या वक्ती काऊन नाई सरकवली भिंत?"