मंगळवारचा दीड तास

अर्जाची मुदत मंगळवारी सायंकाळी पाच वाजता संपणार होती, आणि त्या दुपारी पावणेतीनपर्यंत माझ्या नातीचा निर्णय झाला नव्हता.

श्रद्धा डॉक्टर झाली आहे. लोणी काळभोरच्या बाजूला एका रुग्णालयात तिची इंटर्नशिप चालू आहे. पुढे दोन वाटा होत्या. एक, सर्वांप्रमाणे देशव्यापी परीक्षा देऊन एम.डी. व्हावे. दुसरी, एम.डी. आणि पीएच.डी. एकत्र देणाऱ्या एका संस्थेची स्वतंत्र परीक्षा द्यावी आणि सहा वर्षे रुग्णसेवा व संशोधन दोन्ही सांभाळावे. दोन्ही परीक्षा एकाच रविवारी आल्या होत्या. संस्थेत जागा दोनच, आणि तेथील रक्तविकारांचे प्राध्यापक निवृत्तीपूर्वीचा अखेरचा विद्यार्थी यंदाच घेणार होते.

"दोन जागांसाठी आयुष्य पणाला लावायचं?" माझा मुलगा सुदर्शन रोज विचारी. "बाबा, तुम्ही तरी सांगा तिला."

मी काही सांगितले नाही, कारण मी निशाची वही पाहिली होती. निशा ही श्रद्धाच्या वॉर्डातील सात वर्षांची मुलगी. तिचे रक्त वारंवार घटते. का, ते कोणालाच सांगता येत नाही. तिच्या सर्व नोंदी श्रद्धा एका निळ्या वहीत ठेवीत असे. "आजाराला नावच नाही, आबा. मग औषध शोधायचं तरी कशावर?" असे एकदा जेवता जेवता म्हणाली आणि भरले ताट सोडून उठली होती.

पावणेतीनला तिचा फोन आला. आवाज थकलेला, पण स्थिर.

"आबा, ठरलं. संस्थेचीच देते. अर्ज भरलेला आहे, तुम्ही फक्त 'सबमिट' दाबा. ओटीपी माझ्या फोनवर येईल. मी आता ऑपरेशन थिएटरमध्ये जातेय, सहापर्यंत बाहेर येणार नाही. फोन आमच्या वॉर्डातल्या सोजरबाई मावशींकडे देऊन ठेवते. तुम्ही कॉल केलात की त्या आकडे वाचून दाखवतील. आत्ता लगेच दाबा हं."

"दाबतो, बाळ."

हात धुऊन, देवाला नमस्कार करून मी संगणकापुढे बसलो. पान उघडेपर्यंत तीन वाजून दोन मिनिटे झाली होती. मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाळ असतो, शुभकार्याला वर्ज्य.

चाळीस वर्षे वेदपाठशाळेत शिकविलेल्या मनुष्याच्या हाताला काही सवयी जडतात. श्रद्धाचा दहावीचा अर्ज, बारावीचा अर्ज, वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज, सगळे मीच वेळ पाहून पाठविले होते. ती हसे, पण प्रत्येक वेळी विचारी, "आबा, वेळ बघितलीत ना?" आज तिने विचारले नव्हते. ती घाईत आहे, असे मी मानले. साडेचारनंतर अर्धा तास उरत होता. एवढ्या पवित्र कार्याला दीड तास थांबणे मला अधिक वाटले नाही.

सव्वातीनला फोन वाजला. पलीकडे सोजरबाई होत्या.

"आजोबा, मेसेज काय आला नाय अजून. ताई आत जाताना इचारत होत्या."

"पान उघडते आहे," मी म्हणालो. "जरा मंद आहे."

पान समोर उघडे होते. हे असत्य मी सहज बोलून गेलो.

चार वाजून एकतीस मिनिटांनी मी बटण दाबले. ओटीपी पाठविल्याची सूचना आली. मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा. रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावर एका मुलीने सांगितले, "सोजरबाई मावशींची ड्यूटी चारला संपते. फोन लॉकरमध्ये ठेवून गेल्या असतील. नाही आजोबा, थिएटरमध्ये निरोप नाही देता येत."

मी विनवण्या केल्या. कोणासमोर एवढा वाकलो असेन, आठवत नाही. अंदाजाने आकडे घातले. तीनदा चुकल्यावर ती चौकटही बंद झाली. पाच वाजता पडद्यावर एकच ओळ उरली: मुदत संपली आहे.

श्रद्धा घरी आली तेव्हा मी सर्व सांगितले. पान मंद नव्हते, हेही. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"राहुकाळ टळला ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ती घरीच होती. मुदत अजून शिल्लक असलेला देशव्यापी परीक्षेचा अर्ज उघडून तिने मला हाक मारली.

"किती वाजले, आबा?"

"सव्वाबारा."

"आज राहुकाळ कधी?"

"बारा ते दीड."

"दाबा."

मी चष्मा लावून बटण शोधू लागलो. तिने मदत केली नाही. मी दाबले. आकडे तिच्या हातातल्या फोनवर तत्काळ आले, तिने घातले, अर्ज स्वीकारला गेला. सुदर्शनने बाहेरून विचारले, "झालं का?" तिने संगणक बंद केला.

मग तिने निळी वही आणून माझ्यापुढे ठेवली.

"ही तुमच्या पोथ्यांत ठेवा. तिथे सगळं वर्षानुवर्षं सुरक्षित राहतं."

ती आपल्या खोलीत गेली. मी पोथ्या बांधायचा तांबडा रुमाल काढला. बांधण्यापूर्वी वही उघडली. शेवटच्या पानावर परवाची तारीख होती, आणि व्याधीच्या नावासाठी सोडलेली जागा कोरी होती.