तळ्यातला पाट

आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीत मला सगळे ‘तळ्याची उल्का’ म्हणतात. दर रविवारी तळं साफ करायला पंधरावीस जण माझ्यामागे येतात आणि माझ्या समाजसेवेचं तोंड भरून कौतुक करतात. खरं कारण वेगळंच होतं. गेल्या वर्षी विसर्जनाला माझ्या नवऱ्याने, शार्दूलने, जोशात येऊन मूर्तीबरोबर पाटही सोडून दिला. सासूबाईंच्या माहेरचा सागवानी पाट! त्यावर तळ्याची थोडी माती घेऊन परत यायचं असतं, पण हे महाशय हात हलवत घरी आले. आणि यंदा गणपतीला सासूबाई स्वतः साताऱ्याहून येणार होत्या.

आदल्या रविवारी शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्का आणि मी गोल टोपलीसारख्या नावेतून पार पलीकडच्या जलपर्णीत शिरलो. बाटल्या, थर्माकोल, चपला उपसता उपसता पाटाचा कोपरा दिसला. मी किंचाळलेच आणि हात घातला.

“उल्का, स्वल्प थांब!” मूळच्या निपाणीच्या अक्का मराठीत कानडी मिसळत कुजबुजल्या.

पाटावर ओल्या शेवाळाचा ढीग होता आणि ढिगावर टिबुकली बसली होती. ओंजळीत मावेल एवढासा पक्षी. आम्हाला बघून ती घाबरली, पण पळाली नाही. चोचीने भराभर पाला ओढून तिने अंडी झाकली आणि मगच पाण्यात बुडी मारली. त्या घाणीत, त्या वासात, जीव मुठीत धरूनही ती आधी पांघरूण घालून गेली! वर्षभर शोधलेला पाट समोर होता, पण माझा हात पुढे होईना.

सासूबाई आल्या, तेव्हा त्यांना मी थेट तळ्यावर नेलं आणि सगळं सांगून टाकलं. दुर्बिणीतून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“शार्दूलला मी घरी गेल्यावर बघते,” त्या म्हणाल्या. “पण हिला उठवायचं नाही.”

यंदा बाप्पा पोळपाटावर बसले.

अनंत चतुर्दशीला मूर्तीचं विसर्जन आम्ही घरीच बादलीत केलं आणि संध्याकाळी तळ्यावर गेलो. टिबुकली पाण्यात होती. तिच्या पाठीवर, पंखांतून पट्टेरी डोकी बाहेर काढून, पिल्लं बसली होती. पाट रिकामा होता.

“आई, आता आणू का पाट?” शार्दूलने विचारलं.

“खबरदार!” म्हणत सासूबाईंनी चपला काढल्या, पिल्लांकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, “पुढच्या वर्षी लवकर या गं.”