म्हसवडच्या बंद घराचा पत्ता

मी एक कुलूप आहे. म्हसवडच्या एका दुमजली घराच्या दाराला असतो. जे सांगणार आहे त्यातले काही मी स्वतः पाहिले आहे; उरलेले गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारपासून पुढे, शेजारच्या जाईबाईंच्या फोनवरून ऐकले आहे. जाईबाई रोज सकाळी आमची ओसरी झाडून पायरीवर बसतात आणि फोन स्पीकरवर ठेवून बोलतात. पलीकडचे गाव जितके लांब तितके मोठ्याने बोलावे लागते, असा त्यांचा समज आहे. त्यामुळे माझ्या ऐकण्यात चूक असण्याची शक्यता कमी आहे.

मी जन्माने इथला नाही. अलीगढला घडलो, विट्याच्या पेठेत एका हार्डवेअरच्या दुकानात खोक्यात पडून राहिलो आणि या घराच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी महेंद्ररावांनी मला विकत घेतले. केवढे कुलूप हवे, असे दुकानदाराने विचारले होते. ते म्हणाले, “वर्षभर एकटं राहील असं.”

महेंद्रराव गलाईवाले. या कोरड्या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. त्यांतले हे एक. दुकान तमिळनाडूत सेलमला, घर इथे. वर्षातून एकदा, सिद्धनाथाच्या रथाला, म्हणजे गावच्या यात्रेला, सगळे येत. मला काढून खिडकीत ठेवत. चार दिवस घरात भांडी वाजत, मग मी पुन्हा कडीत. निघताना प्रत्येक जण मला एकदा ओढून पाही. आधीच्याने ओढलेले डोळ्यांनी दिसत असूनही पुढचा ओढतोच. माणसांचा हा स्वभाव मला अजून समजलेला नाही.

गेल्या दोन रथांना मात्र कुणी आले नाही. महेंद्ररावांना धाप लागू लागली होती. मूस तापवायची, तेजाब ओतायचे आणि त्या वाफेत दिवस काढायचा, हे आता थांबवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. थांबवायचे तर गावी परतायचे. आणि परतायचे तर इकडे कुणाचा तरी पगार सुरू व्हायला हवा. ते काम त्यांच्या मुलीने, उत्कर्षाने, अंगावर घेतले. तिने सेलमलाच रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले होते. आमच्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला कारखाने बरेच, आणि त्यांच्या प्रयोगशाळांत जागा निघत. ती तिकडून अर्ज करत राहिली.

उत्तरे येत नसत. एका कारखान्यातून फोन आला, पण सेलमचा पत्ता लक्षात येताच बोलणाऱ्याने आवरते घेतले: आधी इकडे राहायला या, मग पाहू. आणि राहायला यायचे ते नोकरी मिळाल्यावरच, असे घरात ठरलेले. या दोन अटींच्या मध्ये महेंद्ररावांची छाती दिवसेंदिवस अधिक वाजत होती.

मी ज्या शनिवारचा उल्लेख केला, त्या दिवशी फोनवर उत्कर्षाकडून हे सारे ऐकून जाईबाईंनी तोडगा काढला.

“आगं, मग हितला पत्ता लिव्ह की. घर काय दुसऱ्याचं हाय व्हय?”

“पर काकी, मी राहतीय कुठं तिथं?”

“आज न्हाई तर उद्या राहशील. घर हाय तवर माणूस गावचाच.”

इथे कुणालाच यात खोटे वाटले नसते. आयुष्य परमुलखात काढलेल्या माणसालाही हे गाव ‘आमचा’च म्हणते; तो फक्त बाहेर गेलेला असतो. मला मात्र शंका होती. या घरात कोण राहते याची सर्वांत नेमकी माहिती माझ्याकडे होती. पण कुलपाला कुणी विचारत नाही.

उत्कर्षाने पत्ता बदलला आणि पौषात एका कारखान्याने तिची व्हिडिओवर मुलाखत घेतली. पदवी तमिळनाडूची पाहून त्यांनी मराठी येते का, असे विचारले. तिला एकच मराठी येते, घरातली. ती ऐकून समोरचे साहेब हसले आणि म्हणाले, तुम्ही तर आमच्यापेक्षा पक्क्या माणदेशी. मग त्यांनी सध्या राहता कुठे, असे विचारले. ती म्हणाली, म्हसवडला. हे सांगताना फोनवर तिचा आवाज इतका खाली गेला की जाईबाईंना “मोठ्यानं बोल” असे दोनदा म्हणावे लागले.

पुढच्याच आठवड्यात मोटारसायकलवरून एक तरुण आला. धनाजी त्याचे नाव. उमेदवार दिलेल्या पत्त्यावर राहतो का, हे कारखान्यांसाठी तपासून देणे हा त्याचा व्यवसाय. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग जाईबाईंकडे.

“मावशी, उत्कर्षा महेंद्र पिसे इथंच राहतात का?”

“हितंच की.”

“मग कुलूप?”

“रानात गेल्यात समदी. सकाळीच.”

त्याने किल्ली आहे का, असे विचारले. जाईबाई मोठ्या ऐटीत किल्ली घेऊन आल्या. ती आत जाईना. दोन वर्षे न फिरलेल्या माझ्या छिद्रात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. खरे सांगायचे तर मला ते आवडले होते; कुणीतरी राहत होते. धनाजी वाकला, नखाने वाळलेली माती उकरली आणि बोटावर धरली.

“मावशी, हे सकाळी लावलंय?”

जाईबाईंनी किल्ली पदराला पुसली. मग घर महेंद्ररावांचेच, विजेचे बिल त्यांचेच, देवाची पट्टीही तेच देतात, असे सांगू लागल्या. धनाजी शांतपणे म्हणाला, “घर कुणाचं ते मी विचारत न्हाई. राहतं कोण, ते विचारतोय.”

तेव्हा जाईबाईंनी फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. स्पीकर चालूच होता.

“दादा, मी सेलमला हाय,” उत्कर्षा म्हणाली. “काकीला बोल लावू नका, पत्ता मी लिव्हला. सेलमचा लिव्हला की कोण फोनच करत न्हवतं. तुमाला दिसतंय तसं लिव्हा.”

“नोकरी लागली तर येणार?”

“न्हाई लागली तरी येतीय. आप्पांना आता त्या धुरात ठेवायचं न्हाई. आजवर नोकरीची वाट बघत बसलो, तीच चूक झाली.”

धनाजीने फोन परत केला. शेजाऱ्याचा फोटो लागतो, असे म्हणून त्याने जाईबाईंना दारापुढे उभे केले. मोबाइल वर धरला, खाली घेतला.

“मावशी, जरा डावीकडं सरका.”

त्या सरकल्या. फोटो निघाला. पाणीही न घेता तो गेला.

चौथ्या दिवशी उत्कर्षा आली. सांगलीपर्यंत रेल्वेने, पुढे विट्यावरून एस.टी.ने. कारखान्याकडून काहीही कळलेले नव्हते. तिने खिळ्याने माझी माती काढली, तेल सोडले, दार उघडले आणि आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. नोकरीचे पत्र त्यानंतर आठवड्याने आले. ती रुजू झाली. आठवडाभर खंडाळ्याला खोली करून राहते, सुट्टीला इथे येते. चुलतभावाकडे दुकान सोपवून महेंद्ररावही पत्नीसह परतले आहेत. संध्याकाळी ओसरीवर बसतात. धाप अजून आहे, पण जिना चढताना आता मध्येच थांबत नाहीत.

मी खिडकीत असतो. रात्री आतून कडी लागते, माझी गरज पडत नाही. याचे मला मुळीच वाईट वाटत नाही, असे म्हणणे अचूक होणार नाही. तरी परगावाहून अर्ज करणाऱ्यांचे कागद ज्यांच्या हाती पडतात, त्यांना माझी एक विनंती आहे: पत्ता वाचून कागद बाजूला ठेवण्याआधी एकदा फोन करावा.

धनाजीने अहवालात काय लिहिले, ते मला कळलेले नाही. रुजू होताना उत्कर्षाने कार्यालयात विचारले, तेव्हा पत्ता तपासला, ठीक आहे, एवढेच उत्तर मिळाले. जाईबाई म्हणतात, पोरानं मुद्दाम मला कुलपाम्होरं सरकवलं. उत्कर्षाचे मत असे की चेहऱ्यावर ऊन येत असेल म्हणून तो सरका म्हणाला असेल. मी त्या वेळी जाईबाईंच्या पाठीमागे होतो आणि मला फक्त त्यांचे लुगडे दिसत होते. तो फोटो मी पाहिलेला नाही.