पत्रेवाल्यांचा पाचवा अल्बम

आमच्या घरात गाणी ऐकत नाहीत, गायक ऐकतात. म्हणजे एखादी गायिका किंवा बँड धरला, की पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यापासून सुरुवात करायची आणि शेवटच्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यापर्यंत सलग जायचं. मधलं काही गाळायचं नाही. रटाळ गाणं आलं तर खुशाल जांभया द्या, पण पुढे ढकलायचं नाही. हा नियम बाबाचा. "पाहुण्याला आपण अर्ध्या गप्पांतून उठवतो का?" असं तो विचारतो. आई म्हणते, "काही पाहुण्यांना उठवायला हवं."

बाबाचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर आणि फ्रेमचे आरसे, मागे एक चिंचोळी खोली. तिथे तो चाकावर काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करतो. चाकावर पाण्याची बारीक धार पडत असते आणि कपाटावरच्या स्पीकरमधून कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत असतं. शाळा सुटली की मी दप्तर फेकून तिथल्या स्टुलावर जाऊन बसते. गेल्या वर्षापर्यंत मी नुसती ऐकायचे. या वर्षी मला मतं फुटली आहेत. वर्गातसुद्धा मी हात वर करून इतकं बोलते, की बाई परवा म्हणाल्या, "तुला बोलतं केलं मीच, आता गप्प कसं करायचं ते कोणाला विचारू?"

तर यंदा आम्ही पत्रेवाले धरले. हे काही त्यांचं खरं नाव नाही. त्यांचा ड्रमवाला पत्र्यावर दगड पडावेत तसा वाजवतो, म्हणून माझ्या आजोबांनी ठेवलेलं हे नाव. बाबाने कॉलेजात असताना त्यांच्यासाठी केस वाढवले होते. फोटो आहे. आम्ही तो काढला की बाबा खोलीतून निघून जातो.

चार अल्बम झाले. काय सांगू, चौथ्याने तर माझी झोप उडवली! दुसऱ्या दिवशी मी धावतच आले आणि बाबाने लावला तो सहावा.

"बाबा, पाचवा राहिला."

"तो नाही ऐकायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही ऐकायचा. ती फ्रेम दे इकडे."

मी फ्रेम दिली आणि तडक घरी आले. आई कपडे वाळत घालत होती. मी पाचव्या अल्बमचं नाव काढताच तिने हातातला चिमटा दातांत धरला. काय बोलावं हे ठरेपर्यंत ती असंच करते.

मग तिने सांगितलं. दुकान आधी बाबा आणि मोठे काका मिळून चालवायचे. पत्रेवाले दोघांचेही लाडके. नवा अल्बम आला की दोघांनी मिळूनच ऐकायचा, एकट्याने ऐकायचा नाही, असं ठरलेलं. पाचवा आला त्याच दिवशी मोठ्या काकांनी सांगितलं, मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळालीय, मी चाललो. बाबा म्हणाला, जा मग, तो अल्बमही राहू दे. तेव्हापासून दोघं लग्नकार्यात भेटतात, "बरा आहेस ना?" "बरा आहे," एवढं बोलतात आणि आपापल्या खुर्चीत जाऊन बसतात. मी जन्मायच्या आधीपासून हे चाललंय! मला वाटायचं, मोठे काका मुळातच अबोल आहेत.

"अबोल?" आई म्हणाली. "अगं, तुझ्यासारखेच होते. डोकं उठवायचे."

"मग बाबा फोन का नाही करत?"

"तो म्हणतो, गेला त्याने करावा. आणि ते म्हणत असतील, रुसला त्याने करावा."

मला इतका राग आला ना! रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. सहावा अल्बम लागला असताना बाबा एकदाही गुणगुणला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी आईचा फोन घेऊन दुकानात गेले. बाबाने नुकतीच काच चाकाला लावली होती. अशा वेळी हात काढला की काच गेली, त्यामुळे तो जागचा हलू शकत नव्हता. मी मोठ्या काकांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"हं, बोल गं," मोठे काका म्हणाले.

"आई नाही, मी. तुमची पुतणी."

"अगं! केवढा मोठा आवाज झाला तुझा!"

बाबाने माझ्याकडे असं पाहिलं, की एरवी मी पळाले असते. "बंद कर," तो ओठांनीच म्हणाला. मी मान हलवली. नाही.

"काका, पत्रेवाल्यांचा पाचवा ऐकलात का हो?"

इथे नुसतं चाक घरघरत होतं.

"ऐकला," मोठे काका म्हणाले.

टक्‌! बाबाच्या हातातल्या काचेचा कोपरा उडाला.

"ऐकलास?" बाबा ओरडला. "कधी?"

"धाकट्या? तू आहेस तिथे?"

"कधी ऐकलास, दादा?"

"त्याच आठवड्यात. इथे आलो, खोलीत एकटाच होतो, कोणी ओळखीचं नाही. लावला."

"ठरलं होतं आपलं! मी अजून वेष्टणसुद्धा काढलेलं नाही!"

मला वाटलं, झालं, उरलंसुरलं 'बरा आहेस ना'सुद्धा मी घालवलं.

"अरे वेड्या," मोठे काका हळूच म्हणाले, "इतकी वर्षं? त्याच्यासाठी? धाकट्या, तो भिकार आहे रे."

"कोण?"

"अल्बम! पत्रेवाल्यांचा सगळ्यात भिकार अल्बम आहे तो. तिसऱ्या गाण्यात बासरी आहे."

"पत्रेवाले आणि बासरी? काहीतरी बोलू नकोस."

"आईशप्पथ. ऐकल्या ऐकल्या पहिलं मनात आलं, हे धाकट्याला सांगायला हवं. फोनही उचलला होता. मग ठेवला. दुसऱ्या कोणाला सांगून काय कळणार होतं?"

बाबाने चाक बंद केलं आणि हात पुसले. फार वेळ पुसले. मग सगळ्यात खालचा खण ओढून जुन्या फ्रेमांच्या डब्याखालून त्याने सीडी काढली आणि माझ्या हातात दिली. "तू फोड. मला नखं नाहीत."

पहिली दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं. आधी पत्र्यावर दगड, आणि मग, देवा रे, खरंच बासरी! तीही बेसूर. बाबाने तोंडावर हात धरला. फोनमधून मोठे काका म्हणाले, "आली का? आली का?" आणि बाबा इतका हसला, की त्याला स्टूल धरावं लागलं. डोळे पुसत तो म्हणाला, "पण बासरीखालचा गिटार ऐक ना दादा, काय वाजवलाय!"

"काही वाजवलेला नाही. कान तपासून घे."

"तू बसून नीट ऐकलासच नाहीस. एकट्याने कधी काही नीट ऐकलं आहेस का तू?"

"मग लाव परत पहिल्यापासून!"

तेवढ्यात पुढे काउंटरवर कोणीतरी हाक मारली. मी गेले. एक आजी चष्मा न्यायला आल्या होत्या. काच त्यांचीच होती.

"आज नाही मिळणार आजी, उद्या देतो. चुकून फुटली."

आतून बाबाचा चढलेला आवाज आला, त्यावर फोनमधून त्याहून चढलेला. आजींनी मान वाकडी करून आत पाहायचा प्रयत्न केला.

"भांडण चाललंय का गं?"

"हो," मी म्हणाले आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा ना. मस्त चाललंय."